मुळशीच्या रस्त्यांवर जुनी आलिशान एसयूव्ही घेताना

चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला, तेव्हापासून पौड रस्त्यावरची वर्दळ वाढतच गेली आहे. भूगाव, भुकूम, पिरंगुटच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये फिरलात तर नव्या क्रेटा-हॅरियरच्या शेजारी पाच-सहा वर्षांची मर्सिडीज जीएलए, बीएमडब्ल्यू एक्स-१, ऑडी क्यू-३ किंवा व्होल्वो एक्ससी-४० उभी दिसते. हिंजवडीतला नोकरदार, जमिनीच्या व्यवहारातून हातात थोडा पैसा आलेला गावातला तरुण आणि कोळवण खोऱ्यात शनिवार-रविवारचं घर बांधलेला पुणेकर, तिघांनाही एकच गणित भुरळ घालतं. नवी असताना चाळीस-पंचेचाळीस लाखांची गाडी आज साध्या नव्या एसयूव्हीच्या भावात मिळते.

मग घ्यावी का? माझं उत्तर आहे, घ्यावी. पण एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. वय वाढलं की गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च मात्र उतरत नाही. वीस लाखांना घेतलेल्या जीएलएचा ब्रेक, हेडलाइट, गिअरबॉक्सचं तेल हे सगळं पंचेचाळीस लाखांच्या गाडीचंच असतं. एलईडी हेडलाइटचं एक अख्खं युनिट बदलायचं झालं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. त्यामुळे तुमचं बजेट वीस लाख असेल तर गाडी सतरा-साडेसतरा लाखांचीच शोधा आणि उरलेली रक्कम बँकेत बाजूला ठेवा. पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, ब्रेक, तेलं आणि एखादं न सांगता आलेलं काम यांत ती बघता बघता जाते. ज्यांना एवढी रक्कम राखून ठेवणं शक्य नाही, त्यांनी हा नाद करू नये. नवी, साधी, वॉरंटीतली गाडी त्यांना जास्त सुख देईल.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करायला हवा. ‘जीएलए तर आपल्या चाकणला बनते, मग पार्ट स्वस्तच असणार’, असं आपल्या भागात सर्रास ऐकू येतं. चाकणला मर्सिडीजचा कारखाना आहे हे खरं. ऑडी क्यू-३ छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात आणि एक्स-१ चेन्नईजवळ जोडली जाते, व्होल्वोचा कारखाना बेंगळुरूजवळ होसकोटेत आहे. पण तिथे मुख्यतः परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी होते. कारखाना तासाभरावर असला तरी सेन्सर परदेशातूनच यायचा असेल, तर गाडी वर्कशॉपमध्ये वाट पाहत उभी राहते. घरात दुसरी गाडी असेल तर ते सोसवतं. रोज हिंजवडी गाठायची असेल आणि गाडी एकच असेल, तर सोसवत नाही.

कमी किलोमीटरची गाडी आपोआप चांगली नसते

मुळशीत जुनी आलिशान गाडी शोधताना एक जाहिरात हमखास समोर येते: ‘फार्महाऊसला वापरलेली, फक्त बावीस हजार किलोमीटर, एकच मालक.’ ऐकायला छान वाटतं. पण आपल्या हवेत महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी ही फार चाललेल्या गाडीपेक्षा जास्त तपासायची असते.

ताम्हिणीकडच्या पट्ट्यात पाऊस किती पडतो हे वेगळं सांगायला नको. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. अशा दमटपणात शेडखाली उभ्या गाडीच्या ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो. टायर एकाच जागी दाबले जाऊन त्यांची गोलाई बिघडते आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बॅटरी वारंवार पूर्ण उतरून तिचं आयुष्य संपतं आणि या गाड्यांची बॅटरी बदलली की बऱ्याचदा गाडीच्या संगणकात तिची नोंदही करावी लागते. इंजिन ऑइल किलोमीटर न धावताही जुनं होतं, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी किलोमीटरवर मोजू नका, वर्षावर मोजा. वर्षाला एकदा तेल बदललेलं नसेल, तर बावीस हजारांच्या त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उंदीर. शेताजवळ उभी राहिलेली गाडी म्हणजे त्यांच्यासाठी ऊबदार घर. बोनेट उघडा, इंजिनावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढायला लावा आणि टॉर्चने वायरिंग पाहा. काळी टेप गुंडाळून केलेले जोड, कुरतडलेलं इन्सुलेशन, कोपऱ्यात सुकलेलं गवत किंवा लेंड्या दिसल्या तर थांबा. एसीचा फिल्टरही बाहेर काढून बघा, उंदरांचा पहिला मुक्काम तिथेच असतो. या गाड्यांत एक वायर तुटली की डॅशबोर्डवर चार इशारे पेटतात आणि मूळ दोष शोधण्यातच दिवस जातात.

पाण्याचंही तसंच. मोठं काचेचं छत असलेल्या गाड्यांत छताच्या चौकटीला पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. झाडाखाली उभ्या गाडीत पानांचा चुरा, माती जाऊन त्या तुंबतात आणि पाणी आत उतरतं. छत उघडून कोपऱ्याच्या खाचेत तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते गाडीखालून, चाकाच्या बाजूने बाहेर पडायला हवं. पडलं नाही तर पुढच्या मॅटखालचा गालिचा हाताने दाबून बघा. वरून कोरडा, पण खालचा फोम ओला, असं होतं. डिकीतलं तळाचं झाकण उचलून तिथली खोबणही बघा, कारण काही गाड्यांत बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या डिकीत किंवा सीटखाली असतात. तिथलं पाणी म्हणजे मोठं बिल.

पुरात सापडलेल्या गाड्यांचा धोका आपल्याकडे खराच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने पुण्यात अनेक गाड्या बुडवल्या, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. अशा गाड्या पुसून-पॉलिश करून दुसऱ्या शहरात विकल्या जातात. ओळखायची सोपी खूण सीटबेल्टमध्ये असते. तो पूर्ण, शेवटपर्यंत ओढून काढा. तळाच्या भागावर मातकट डाग किंवा कडकपणा असेल तर पाणी तिथवर चढलं होतं असं समजा. सीटच्या रुळांवरचा गंज, हेडलाइटच्या आतली ओल आणि गाडीत मारलेला जरा जास्तच सुवास, हेही नोंदवून ठेवा.

पेट्रोल की डिझेल?

बहुतेक घरांत यावर वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे: भूगाव ते हिंजवडी किंवा पिरंगुट ते कोथरूड एवढीच धाव असेल तर पेट्रोल घ्या. डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला गॅरेजमध्ये डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. भूगावच्या कोंडीत आणि हिंजवडीच्या सिग्नलवर ते घडत नाही. फिल्टर भरत जातो, इशारा पेटतो, लोक दुर्लक्ष करतात आणि शेवटी तो बदलायची वेळ येते. महिन्यातून तीन-चार वेळा मुंबई, कोल्हापूर, नाशिक करणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुधा अ‍ॅडब्लू नावाचं द्रावणही भरावं लागतं, त्याची टाकी आणि पंप ठीक आहेत का ते विचारा.

पेट्रोल घेणाऱ्याने इंधनाच्या झाकणाच्या आतली पट्टी आणि मॅन्युअल वाचावं. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ आधी बनलेली प्रत्येक गाडी त्यासाठी तयार असेलच असं नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर सांगून उत्तर लेखी मागा.

मॉडेलबद्दल थोडक्यात. बीएमडब्ल्यूची पहिल्या पिढीची एक्स-१, म्हणजे २०१६ च्या आधीची डिझेल, आता फार स्वस्त मिळते. तिच्या त्या काळच्या इंजिनातली टायमिंग चेन झिजण्याची तक्रार जगभर गाजलेली आहे आणि ती चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने काम प्रचंड वाढतं. ती गाडी टाळावी. २०१६ नंतरच्या दुसऱ्या पिढीची एक्स-१ त्यापेक्षा कितीतरी बरी. जीएलए आणि क्यू-३ मध्ये दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो. त्याचं तेल वेळेवर बदलल्याचं बिल नसेल तर किमतीत तो खर्च वजा करून घ्या. क्यू-३ क्वाट्रो असेल तर मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या कपलिंगचं तेलही त्यात धरा. एक्ससी-४० २०१८ साली आली. जमिनीपासूनची तिची उंची २११ मिलिमीटर आहे आणि गावातल्या गतिरोधकांवर ती फार कमी घासते. मुळशीसाठी या चौघींतली माझी पहिली पसंती तीच, मात्र सर्व्हिस सेंटर कमी आहेत हे धरून चाला.

चाचणीची धाव

विकणारा नेहमी स्वतःच्या सोयीच्या गुळगुळीत रस्त्यावर फिरवून आणतो. तुम्ही रस्ता ठरवा. सकाळी लवकर जा आणि तुम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका, असं आदल्या दिवशी सांगा. बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री करा. थंड इंजिनाची पहिली काही सेकंदं फार बोलकी असतात: चेनचा खडखडाट, धूर, एसी सुरू करताच इंजिनाला बसणारा हिसका, सगळं तेव्हाच कळतं.

मग भूगावच्या गर्दीतून मुंगीच्या पावलांनी जा. दुहेरी क्लच थकला असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके देते. पुढे पिरंगुटचा घाट चढवा. चढावर अर्ध्यात थांबा, ब्रेक सोडून पुन्हा निघा, गाडी मागे सरकते का बघा. जोर दिला की ताकद एकसारखी वाढते की मध्येच अडखळते, हे टर्बोबद्दल सांगतं. उतरताना ब्रेक लावून स्टिअरिंग थरथरतं का पाहा. पौडपर्यंत जाऊन एखाद्या गावरस्त्याला वळा, काचा वर करा, गाणी बंद करा आणि खड्ड्यांतून सावकाश न्या. पुढून येणारा ‘टक-टक’ आवाज म्हणजे लोअर आर्मचे बूश किंवा लिंक गेलेले. ते काम होण्याजोगं आहे, पण किंमत ठरवायच्या आधी कळलं पाहिजे.

टायरसाठी दोन मिनिटं वेगळी काढा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेला टायर खाच शिल्लक असली तरी बदलायचाच. अनेक बीएमडब्ल्यूंत हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे रनफ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. रनफ्लॅटची बाजू कडक असते, आपल्या खड्ड्यांत तिला फुगा येतो, रिम वाकते आणि ताम्हिणीत अडकलात तर तो टायर जवळपास मिळणार नाही. चारही रिमा आतल्या बाजूने टॉर्चने पाहा.

एवढं सगळं पसंत पडल्यावरही अधिकृत वर्कशॉपमध्ये किंवा या गाड्यांचाच अभ्यास असलेल्या गॅरेजमध्ये पैसे भरून तपासणी करून घ्या. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहायची, पेंटची जाडी मोजायची आणि स्कॅनर लावायचा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला असेल तर तो बऱ्याचदा इथे पकडला जातो, कारण मीटरखेरीज आणखी काही मॉड्यूलमध्येही धावेची नोंद राहते. ओळखीचा फिटर कितीही हुशार असला तरी स्कॅनरशिवाय या गाड्यांचं निदान होत नाही. विकणारा तपासणीला नाही म्हणाला, तर तिथेच नमस्कार करून निघा.

कागद

मुळशीकराला हे समजायला जड नाही. जमीन घेताना आपण सातबारा काढतो, फेरफार बघतो, इतर हक्कांत बोजा आहे का ते वाचतो. गाडीच्या आरसीचंही तसंच वाचन करा. परिवहन खात्याच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. त्याहून बरं म्हणजे कर्जाची उरलेली रक्कम थेट कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या. थकलेले ई-चलन वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर पाहा आणि विक्रेत्याकडूनच भरून घ्या.

हिंजवडी पट्ट्यातल्या पुष्कळ आलिशान गाड्या कंपनीच्या किंवा लीज कंपनीच्या नावावर असतात. चालवणारे साहेब गोड बोलतात, पण सही करण्याचा अधिकार त्यांना असतोच असं नाही. कंपनीच्या लेटरहेडवरचं अधिकारपत्र किंवा ठराव आणि जीएसटीचं बिल मागा.

नंबर पाहूनही पुष्कळ कळतं. दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी स्वस्त वाटते. पण तिथून फॉर्म २८ वरची एनओसी आणायची, पोलीस नोंदींची खातरजमा करायची आणि महाराष्ट्राचा रस्ता कर भरायचा. आलिशान गाडीवर तो कर मोठा असतो आणि जुन्या राज्यातला परतावा मिळवणं कष्टाचं. हिशोब कागदावर मांडला तर स्वस्ताई उरत नाही. बीएच म्हणजे भारत मालिकेची गाडी असेल आणि तुम्ही स्वतः त्या मालिकेला पात्र नसाल, तर राज्याचा नंबर घेऊन कर भरावा लागतो, हे आधी लक्षात घ्या. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का तेही बघा.

हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्याकडे कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षभर जुन्याच नावावर फिरवायची पद्धत आहे. ती मोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. म्हणजे तुम्ही स्वतःची जुनी गाडी विकत असाल तेव्हाही हा धोका तुमच्या डोक्यावर आहे. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली ताबापावती दोघांच्या सह्यांनी करा.

विमाही १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर झाला पाहिजे. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येतं, तुमच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे नवा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. पाण्याने इंजिन गेलं तर भरपाई देणारं इंजिन संरक्षण गाडीच्या वयामुळे मिळतंय का, हे व्यवहाराआधी विचारा. ओढ्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली की या गाड्यांची इंजिनं पाणी ओढतात आणि जागीच बंद पडतात.

डीलरकडून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते दाखवायला सांगा. कंपन्यांचे स्वतःचे जुन्या गाड्यांचे विभागही आहेत. तिथे भाव थोडा चढा, पण तपासणी आणि वॉरंटी लेखी मिळते. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याने तो जादा पैसा मोजावा, असं माझं ठाम मत आहे.

भाव

२२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी ४० टक्के झाला. त्याआधी सेससह तो ५० टक्क्यांच्या घरात होता. नव्या गाड्यांचे भाव उतरले, पण जुना मालक आपल्या २०२१-२२ च्या बिलावरून अपेक्षा धरतो. आजची नवी गाडी ऑन-रोड कितीला पडते याचं कोटेशन खिशात ठेवूनच बोलणी करा. पितृपंधरवड्यात खरेदी थंड असते, तेव्हा पाहणी आणि भाव ठरवणं सोपं जातं. गाडी दसऱ्याला घरी आणा. पावसाळा नुकताच अंगावर घेतलेली गाडी असते, गळती लपवायला जागा नसते. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, म्हणून व्यवहार बँकेतूनच करा. विसार द्यायचाच तर लेखी द्या, आणि ‘तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण परत’ हे वाक्य त्यात असू द्या.

एक निवाडा देतो. ज्यांची रोजची वाट ताम्हिणीपलीकडची, मोसे खोऱ्यातली किंवा कच्च्या शेतरस्त्याची आहे, त्यांच्यासाठी या गाड्या नाहीत. त्यांनी उंच, दणकट, तालुक्यात दुरुस्त होणारी गाडी घ्यावी. भूगाव, पिरंगुट, सूस, माण, मारुंजीत राहणाऱ्या आणि डांबरी रस्त्यावरच चालवणाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांची, एकाच मालकाची, महाराष्ट्र पासिंगची, अधिकृत सर्व्हिसच्या सगळ्या बिलांसह असलेली पेट्रोल गाडी शोधावी. अशी गाडी पहिल्या आठवड्यात सापडत नाही. दोन-तीन महिने लागले तरी लागू द्या, आणि जिच्याबद्दल मनात एकही शंका उरली आहे तिचा विसार देऊ नका.